कुलूप ओढून बघणारी

कुलूप लावलं की मी ते ओढून बघते. दोन पायऱ्या उतरते, परत येते, पुन्हा ओढते. लिफ्टपाशी पोचेपर्यंत गॅस आठवतो. कुलूप उघडून आत. गॅस बंदच असतो. गीझरही बंद असतो. इस्त्रीला तर आठवडाभर हात लागलेला नसतो, आमचे कपडे खालच्या इस्त्रीवाल्याकडे जातात. तरी मी तिचं बटण बघून येते. खाली नवरा स्कूटरवर बसून वाट बघत असतो. "झाल्या प्रदक्षिणा?" एवढंच विचारतो. पूर्वी चिडायचा. आता मी दिसेपर्यंत स्कूटर सुरूच करत नाही.

परवा दुपारी ब्लाउज शिवायला टाकायला निघाले होते. दुसऱ्या फेरीला दार उघडलं, तर खारी हॉलमध्ये पंख्याखाली पसरलेली. तिनं एक डोळा उघडला, मला पाहिलं, मिटला. शेपटीचं टोक तेवढं फरशीवर एकदा आपटलं. बाई गॅस बघायला आलीय, हे तिला ठाऊक होतं.

जरा अपमानच वाटला.

खारी दिवाळीनंतर आमच्याकडे आली. त्याच इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली गल्लीतल्या कुत्रीनं पिल्लं घातली होती. बाकीची कुणी कुणी नेली, ही उरली. रंग बेकरीतल्या खारीचा, म्हणून नाव खारी. दोन महिन्यांची होईपर्यंत आईपासून तोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेवढं आम्ही पाळलं. डॉक्टर म्हणजे जनावरांची डॉक्टर, माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. मला काकू म्हणते.

आईच्या नि भावंडांच्या उबेत झोपणारा जीव आमच्या दोन खोल्यांच्या शांततेत येऊन पडला. मी बाथरूममध्ये गेले तरी दाराशी बसून रडायची. कचरा ठेवायला जिन्यापर्यंत गेले तरी वरच्या-खालच्या मजल्यांना कळायचं. सोसायटीच्या ग्रुपवर 'कुणाकडे काही अडचण आहे का' असा काळजीवजा निरोप आला. नवऱ्यानं लगेच भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 सालच्या सूचना शोधून काढल्या. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, आणि भुंकणं हे त्याला कारण होऊ शकत नाही, वगैरे. मी त्याचा फोन काढून घेतला आणि शेजारच्या काकूंकडे उरलेल्या चकल्या नेऊन दिल्या. कायदा आहे हे चांगलंच आहे, पण भिंत काकूंच्या आणि आमच्या घरात एकच आहे.

"काकू, निघताना समारंभ करू नका," डॉक्टर म्हणाली. समारंभ म्हणजे जवळ घेणं, "येते हं शोना, लग्गेच येते" म्हणणं, दारातून पुन्हा वळून बघणं. आता आमच्यात यालाच निघणं म्हणतात. पाहुणा सोफ्यावरून उठतो, मग उंबऱ्यात अर्धा तास, मग जिन्यात, मग गाडीची काच खाली करून. त्यातलं काहीही करायचं नाही म्हणे. शिवाय निघण्याच्या खुणाच बोथट करायच्या. किल्ल्यांचा आवाज, पर्सची चेन, पायात सरकवलेल्या चपला, कुत्र्याला हे सगळं पाठ असतं आणि दार उघडायच्या आधीच त्याचा जीव वरखाली व्हायला लागतो. तेव्हा दिवसातून केव्हाही किल्ल्या उचलायच्या आणि कुठंही जायचं नाही.

तर मी बाहेरच्या चपला घालून, पर्स खांद्याला अडकवून, सोफ्यावर बसून मेथी निवडली. चपला घालून, घरात, पालेभाजी. सासूबाई हे बघायला नाहीत, बरं झालं. कामाच्या मावशी मात्र होत्या.

"ताई, कुठं निघालात?"

"कुठं नाही."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पण त्या दिवशी भांडी फार हळू घासली.

पुढचा धडा असा: बाहेर पडायचं, दार लावायचं, दहा आकडे मोजायचे, आत यायचं. आल्यावर लाड नाहीत. मग अर्धा मिनिट. मग पुन्हा पाच सेकंद, मग दोन मिनिटं. वेळ नुसती वाढवत नेली तर तेही त्यांच्या लक्षात येतं, म्हणून उलटसुलट. आणि पिल्लाला रडू फुटायच्या आत परतायचं. डॉक्टर कागदावर आकडे लिहीत होती आणि मी गालातल्या गालात हसत होते. मला हे कोण शिकवणार! जन्मभर दुसरं केलंय काय? इतकी वर्षं ज्याला विक्षिप्तपणा म्हणून हसले, त्यालाच आता प्रशिक्षण म्हणायचं आणि वर त्याची फी द्यायची.

नवऱ्याला काही हे जमत नाही. तो निघाला की निघाला. त्यामुळे तो गेला की खारी अजून थोडं रडते, मी गेले की नाही. हे मी त्याला रोज ऐकवते.

बाकी सोपस्कारही आहेत. रबराचं एक पोकळ खेळणं मिळतं, त्यात दहीभात कोंबून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि निघताना ते पुढ्यात टाकायचं. चाटत बसते. कांदा नाही, चॉकलेट नाही, मनुका-बेदाणे तर मुळीच नाहीत, कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यानं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या दिवशी नवरा प्रसादाच्या शिऱ्यातून बेदाणे निवडून काढत बसला होता, तिच्या घासापुरते. जितके महिने वय तितके तास धीर धरणार, हा शू-शीचा ढोबळ हिशेब, आणि तोही जास्तीत जास्त. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला घरात कोंडून तुम्ही नाटकाला जाऊन वर हॉटेलात जेवून येणार असाल, तर येऊन फरशी पुसायची तयारी हवी.

एकदा आम्ही आलो तर उशीचा कापूस सगळ्या हॉलभर. नवरा ओरडला, खारीनं कान पाडले, मान खाली घातली. "बघ, कळतंय तिला, कशी अपराधी दिसतेय!" तसं नसतं म्हणे. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधक बाईंनी 2009 साली याच्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यानं खाऊ चोरलेला असो वा नसो, मालक रागावला की तो तसा चेहरा करतो. म्हणजे ती ओळख गुन्ह्याची नव्हे, समोरच्याच्या पट्टीतल्या आवाजाची. वाचून मला आमचे गणिताचे मास्तर आठवले. वर्गातली सगळी मुलं अपराधी दिसायची, ज्यांची गणितं बरोबर आली होती तीसुद्धा.

जुना फोन आता टीव्हीपाशी उभा करून ठेवलाय, त्यातून ती दिसते. रडारड व्हायची ती पहिल्या अर्ध्या तासात होते. मग ती दारापर्यंत जाते, चपलांच्या कपाटाचा वास घेते, परत येते, झोपते. पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतातच. शिंप्याच्या दुकानात बाकड्यावर बसून मी झोपलेलं कुत्रं बघत असते, आणि शिंपी मला दोनदा गळ्याचं माप विचारतो.

वाईला आमच्या घराला कुलूपच नव्हतं. म्हणजे होतं, पण कुठं होतं ते कुणाला माहीत नव्हतं. दाराला आतून अडसर, बाहेरून नुसती कडी. चुलत्यांचं, काकांचं, आत्यांचं, कुणाचं ना कुणाचं माणूस घरात असायचंच. मोती नावाचा कुत्रा होता, त्याला घरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. ताक-भाकरी खायची आणि ओट्याखाली पडायचं. एकटं राहण्याची सवय त्याला लावावी लागली नाही, कारण तशी वेळच आली नाही.

मग कऱ्हाडला धाकट्या काकांचं लग्न निघालं. सगळे जाणार. तेव्हा घर बंद करायचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. माळ्यावरून एक भलंमोठं गंजलेलं कुलूप निघालं, किल्ल्यांचा जुडगाही निघाला, त्यातली एकही लागेना. वडिलांनी खोबरेल ओतलं, काकांनी बत्ता आणला. एसटीची वेळ झाली. तेव्हा आजी म्हणाली, "जा रे तुम्ही. मी आहे की. मला आता लग्नात मिरवून काय करायचंय?" धाकट्या मुलाचं लग्न. कुणी फारसा आग्रह केला नाही, सगळ्यांना हायसंच वाटलं. मोती स्टँडपर्यंत आमच्यामागं आला, एसटी हलली तसा वळून घराकडे गेला.

दुसऱ्या दिवशी वरात घेऊन आलो. आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेचे हात हातात घेतले, जेवणावळ कशी झाली, बुंदी कशी होती, विहिणीनं काय दिलं, सगळं खोदून खोदून विचारलं. तिनं एवढ्या मोठ्या घरात दिवसरात्र एकटीनं काय केलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

झोपली असेल, दुसरं काय.