कोरम, क्वेरी आणि माझा थिसिस

एमडीच्या थिसिसचा विषय ठरायला वेळ लागला नाही. एआरडीएसमध्ये फुप्फुसांत पाणी झिरपतं, व्हेंटिलेटर लावूनही ऑक्सिजन चढत नाही. अशा पेशंटला पालथं झोपवलं तर जीव वाचतात, हे 2013 च्या प्रोसेव्हा ट्रायलनं दाखवलं. फ्रान्स-स्पेनमधले 466 पेशंट, पालथे ठेवायचे ते सलग 16 तास तरी. 28 दिवसांतले मृत्यू उताण्या गटात 32.8 टक्के, पालथ्या गटात 16. मला 16 तास आणि 24 तास यांची तुलना करायची होती. गाईड मॅडम लगेच हो म्हणाल्या. मग फाईल संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे गेली आणि तिथंच बसली.

कोरमला, म्हणजे मीटिंग भरायला, निदान पाच जण लागतात, त्यात कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही. आमच्याकडे डॉक्टर पैशाला पासरी, घोडं अडायचं ते वकीलसाहेबांपाशी. त्यांची कोर्टात तारीख लागली की मीटिंग रद्द. नाइट ड्यूटी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून बाकावर बसावं, आणि क्लार्ककाकांनी चहा पिता पिता सांगावं, "आता पुढच्या महिन्यात बघू, डॉक्टर."

एकदाची मीटिंग झाली तर क्वेरी: पेशंट बेशुद्ध, मग संमती कोणाची? फॉर्मवर नातेवाइकाच्या सहीची जागा होती की! ती दाखवली. पुढच्या मीटिंगला नवी क्वेरी: पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याची स्वतःची संमती घेणार का? प्रश्न रास्त आहे. रात्री दोनला आयसीयूच्या दाराशी घाबरलेला मुलगा कशावरही सही करतो. पण हे पहिल्याच मीटिंगला विचारायला काय झालं होतं?

तोवर पावसाळा लागला. लेप्टो, स्वाइन फ्लू, सगळं एकदम. पी/एफ (रक्तातल्या ऑक्सिजनचं दिलेल्या ऑक्सिजनशी गुणोत्तर) शंभरच्या खाली, म्हणजे गंभीर एआरडीएस झालेले एक शेतकरी काका आले. मॅडम डोक्याशी ट्यूब धरून, आम्ही दोन्ही बाजूंनी. चादरीत घट्ट गुंडाळून त्यांना उलटवलं, ईसीजीचे इलेक्ट्रोड पाठीवर लावले. सकाळपर्यंत सॅच्युरेशन सुधारलं. उपचार कोणी थांबवत नाही, पण थिसिसमध्ये असे पेशंट धरता येत नाहीत. कारण 1 एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सच्या भारतातल्या रजिस्ट्रीवर) नोंदणी लागते, आणि तिथं एथिक्सचं पत्र मागतात.

म्हणून वाट बघत असतानाच सीटीआरआयचा फॉर्म भरत राहा, पैसे पडत नाहीत. पत्र हातात आलं की जागेवरच तारीख आणि सही तपासा. माझ्या पत्रावर तारीखच नव्हती! मराठी संमतीपत्र पहिल्या दिवशीच जोडा, पुन्हा संमती घेण्याच्या कलमासकट.

हो, आणि मोजपट्टी खिशात ठेवा. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे व्हेंटिलेटर एका श्वासाला देतो ती हवा, किलोमागे 6 मिली असतो, पण ते वजन उंचीवरून काढायचं, काट्यावरून नाही. नातेवाइकांना उंची विचाराल तर ते म्हणतील, "असतील की पाच-सहा फूट."