सागवानी दार, जेवणाचे टेबल आणि सूतभर फट

घराचे लाकूडकाम काढले की ‘सगळे सागवानी करणार ना?’ हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याला ‘नाही’ असे उत्तर दिले की विचारणाऱ्याचा चेहरा किंचित पडतो. पुण्यातल्या आमच्या घरात आम्ही भरीव सागवान तीनच ठिकाणी वापरायचे ठरवले : मुख्य दार व त्याची चौकट, जेवणाचे टेबल व त्याची बाके आणि गच्चीकडे उघडणारे दार. कपाटे, पलंगाखालची खणे आणि ओट्याखालचे सगळे काम प्लायवूडमध्ये केले, कारण चार भिंतींच्या आड उभ्या राहणाऱ्या कपाटाच्या पाठीला आणि बाजूंना भरीव लाकूड लावणे ही मला हौस कमी आणि मिरवणे जास्त वाटते. ओट्याखाली मात्र साधे प्लाय चालत नाही. तेथे पाणी पोचतेच, म्हणून आयएस ७१० या मानकाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लाय मागून घ्यावे आणि त्यावरचा शिक्का स्वतः पाहावा.

लाकडाची खरेदी आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये केली. तेथे सागाची बोली तो कुठून आला यावरून चालते. विदर्भ आणि मध्य प्रदेशातला साग अजूनही ‘सी. पी.’ म्हणून, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या मध्य प्रांताच्या नावाने विकला जातो. त्याखेरीज बर्मा साग आणि घाना, इक्वेडोर अशा देशांतल्या लागवडीतून येणारा साग असतो. लागवडीतला साग लवकर वाढवलेला असतो, त्याच्या वाढीच्या वर्तुळाकार कड्या रुंद असतात आणि कोवळ्या झाडाचा असल्याने त्यात पांढरा भाग अधिक निघतो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारशाहच्या आगारातून सागवान गेले, तेव्हापासून प्रत्येक विक्रेत्याकडचा साग ‘तेच लाकूड’ झाला आहे, हा भाग वेगळा. गिऱ्हाइकाने पाहायच्या गोष्टी त्याहून साध्या आहेत. वाळवी आणि भुंगा यांना सागाचा तपकिरी गाभा सहसा रुचत नाही, पण सालीलगतचा पांढरा भाग कोणत्याही साध्या लाकडाइतकाच त्यांचे खाद्य असतो, म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात दडवलेला पांढरा पट्टा आधीच बाजूला काढायला लावावा. हिशेबही स्वतः करून पाहावा. पाच इंच बाय तीन इंच जाडीची, सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद आणि उंबऱ्यासह अशी चौकट घेतली, तर एकूण लांबी २१ फूट होते. ५ गुणिले ३ गुणिले २१ भागिले १४४ म्हणजे सुमारे २.१९ घनफूट लाकूड लागते आणि कापताना, रंधताना जाणारी तूट त्यावर वेगळी धरावी लागते. भाव घनफुटाचा असतो आणि घासाघीस त्या तुटीवरच होते.

खरी अडचण मात्र पुढे असते. लाकूड तोडल्यावर, वाळवल्यावर, अगदी पॉलिश केल्यावरही हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पुण्याच्या हवेत मे महिन्यात सागातला ओलावा साधारण आठ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि ऑगस्टमध्ये पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतो. या चढउताराने लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. ते हलते रुंदीत, आणि त्यातही वाढीच्या कड्यांच्या दिशेने जितके हलते त्याच्या निम्मेच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने हलते. दोन दिशांमधल्या या फरकामुळेच फळीला बाक येतो. साग या बाबतीत शांत जातीचा समजला जातो, तरीही तीन फूट रुंदीची, कड्यांना समांतर कापलेली फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पाच ते आठ मिलिमीटर तरी सहज फुगते. ती फळी खिळ्यांनी किंवा गोंदाने सगळीकडून जखडली, तर फुगताना सांधे उघडतात आणि आक्रसताना मधोमध चीर जाते. उत्तम नक्षी कोरलेले आणि दोन पावसाळ्यांत उभे फाटलेले देवघराचे दार मी नात्यातल्या एका घरात पाहिले आहे. नक्षीत काहीच खोट नव्हती, पण मागे आडव्या पट्ट्या गोंदाने घट्ट बसवलेल्या होत्या.

म्हणूनच जुन्या पद्धतीचे पॅनलचे दार मला फर्निचरमधली सर्वांत हुशार वस्तू वाटते. त्यात दोन उभ्या आणि तीन-चार आडव्या पट्ट्यांचा सांगाडा असतो व सांगाड्याच्या आतल्या कडेला खोदलेल्या खोबणीत पॅनलची फळी नुसती सरकवलेली असते. तिला गोंद नाही, खिळा नाही, आणि खोबणीच्या तळापासून ती दोन-तीन मिलिमीटर आखूड ठेवलेली असते. फुगायचे तर तिने त्या खोबणीत फुगावे. दाराच्या बाहेरच्या मापाला त्याचा पत्ता लागत नाही. साडेतीन फूट रुंद दार सलग फळ्या चिकटवून केले असते, तर त्याची सगळी रुंदी हलली असती. आता हलतात त्या फक्त पाच-पाच इंचांच्या दोन उभ्या पट्ट्या, आणि त्यांची वाढ एका सुताच्या आत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात मावते.

सांगाड्याचे सांधे करताना आमचे मिस्त्री बोलत नाहीत. खतावणीने, म्हणजे समांतर रेघा ओढायच्या हत्याराने, पट्टीच्या टोकाला दोन बारीक रेघा ओढून होतात, मग करवत रेघेवर न चालवता रेघेच्या टाकाऊ बाजूने चालते, आणि कुसू, म्हणजे दुसऱ्या पट्टीच्या खाचेत शिरणारी जीभ, तयार झाले की ते खाचेत बसते का हे आधी कोरडेच पाहिले जाते. हाताने निम्मे आत जावे आणि उरलेले लाकडी मोगरीच्या दोन-तीन ठोक्यांत जावे, हे त्यांचे माप. त्याहून सैल असेल तर ती पट्टी बाजूला पडते. त्याहून घट्ट असेल तर पटाशीने कागदासारखा पापुद्रा काढला जातो. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार सारखी जाते आणि दगडावर पाणी शिंपडून ती पुन्हा लावावी लागते. दिवसाच्या कामातला बराच वेळ यातच जातो आणि मजुरी जास्त का, याचे अर्धे उत्तरही तेथेच आहे. शेवटी सांध्यातून आरपार बांबूची खुंटी ठोकली जाते. कुसूमधले छिद्र खाचेच्या छिद्रापेक्षा किंचित खांद्याच्या, म्हणजे कुसू जेथून सुरू होते त्या बाजूला पाडलेले असते, म्हणून खुंटी आत जाताना सांधा स्वतःहून आवळला जातो. “गोंद पंधरा-वीस वर्षांनी थकतो, ताई, खुंटी नाही थकत,” एवढे एकच वाक्य त्या दुपारी मला ऐकायला मिळाले.

हे ज्ञान या शहरात नवे नाही. वाड्यांच्या बांधकामात सागाचा खांब दगडी तळखड्यावर उभा केला जाई, जेणेकरून जमिनीतली ओल त्याच्या तंतूंतून वर चढू नये. वरच्या टोकाला हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे आडवे लाकूड, आणि त्यावर तुळई अशी रचना सांध्यांच्या बळावरच उभी राही. १७३० साली शनिवारवाड्याचे काम सुरू झाले तेव्हा साग जुन्नरच्या जंगलांतून आणला गेला आणि १८२८ च्या आगीत त्यातला बहुतेक भाग जळून गेला. आतल्या इमारतींची आज उरली आहेत ती जोती. लाकूडकाम कसे होते हे पाहायचे असेल तर नाना वाड्यातले सुरूच्या आकाराचे खांब आणि विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग पाहावा. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड अजूनही विकायला येते आणि त्याची मला मनापासून शिफारस करावीशी वाटते : दीड-दोनशे वर्षे वाळलेली तुळई आता नव्याने पीळ खात नाही आणि इतक्या दाट कड्यांचा साग नव्या मालात क्वचितच दिसतो. मात्र आत मोडून राहिलेले खिळे यंत्राच्या पात्याचे दात पाडतात, म्हणून कापण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावरून चुंबक फिरवावा लागतो आणि कापणारा त्याची वेगळी मजुरी लावतो. आमच्या बाकांचे पाय अशाच एका तुळईतून निघाले.

टेबल आणि बाके यांच्याबाबत मी सर्वाधिक वेळ मापांवर घालवला आणि तो योग्यच होता असे मला वाटते, कारण घडवून घेतलेल्या फर्निचरचे खरे सुख कोरीवकामापेक्षा मापात असते. दुकानातले टेबल ३० इंच आणि खुर्चीची बैठक १८ इंच असते. आमच्या सासूबाईंची उंची पाच फुटांहून कमी आहे आणि १८ इंचांवर बसले की त्यांचे पाय अधांतरी राहून गुडघे दुखतात. त्यामुळे त्यांच्या बाजूचे बाक १६ इंचांचे आणि टेबल २८ इंचांचे केले. उंच माणसांनाही त्याचा त्रास होत नाही, कारण बैठक आणि टेबलाची पाटी यांतले बारा इंचांचे अंतर दुसऱ्या बाकालाही जवळपास तसेच राखले आहे. हे सारे कागदावर कळत नाही. मिस्त्रींनी प्लायच्या तुकड्यावर एकास एक मापाचे रेखाटन केले आणि सासूबाईंना विटांच्या चळतीवर बसवून उंची पक्की केली. टेबलाची पाटी खालच्या सांगाड्याला स्क्रूने जखडलेली नाही. आतल्या कडेच्या खोबणीत अडकणारे लाकडी गुटके तिला धरून ठेवतात, म्हणजे ती खाली घट्ट राहते आणि रुंदीत मोकळी राहते. आजवर टेबल पाहायला आलेल्यांपैकी कोणी वाकून खाली पाहिलेले नाही.

पॉलिशबद्दल थोडक्यात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवलेले फ्रेंच पॉलिश दाराच्या आतल्या बाजूला अप्रतिम दिसते आणि ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते, पण गरम पातेले ठेवले की त्यावर पांढरा डाग पडतो. म्हणून टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आणि उन्हापावसात राहणाऱ्या बाहेरच्या बाजूला दरवर्षी तेलाचा हात, असे आम्ही ठरवले.

मुख्य दार मे महिन्यात बसवले. कुलपाच्या बाजूला मिस्त्रींनी मोजून सूतभर फट सोडली आणि ती शेजाऱ्यांना खटकली. जुलैपासून दार चौकटीत अगदी नेमके बसते आहे. गच्चीचे दार मात्र पावसातच तयार झाले, सध्या ते खालच्या कोपऱ्यात थोडे घासते आणि घरातली सगळी माणसे ते रंधून घ्या म्हणून मागे लागली आहेत. फुगलेल्या लाकडावर आत्ता रंधा फिरवला, तर मार्चमध्ये तेथून वारा आणि धूळ आत येईल, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. तोवर दार किंचित उचलून लावायचे आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, त्यांना बोलवायचे असे ठरले आहे.