आठ पटींचा हिशेब

रात्रीचे दोन वाजले होते. चाव्या, मोबाईल, पट्ट्याचं बक्कल, सगळं लांब उभ्या केलेल्या गाडीत ठेवून मी आणि माझी विद्यार्थिनी साताऱ्याबाहेरच्या माळावर कुडकुडत बसलो होतो. लाकडी टेबलावर आमच्या छोट्या उपग्रहाचा नमुना. त्यातून निघालेल्या दांडीवर 40 आणि 80 सेंटीमीटरवर एकेक फ्लक्सगेट सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा.

"सर, क्षेत्रात 8 नॅनोटेस्लाची उडी! उपग्रहाचं स्वतःचं क्षेत्र वजा करूनही राहतेय. म्हणजे नैसर्गिकच!"

उपग्रह स्वतःच एक चुंबक असतो. बॅटरीच्या सेलचं कवच पोलादी, जोडपट्ट्या निकेलच्या, तारांत प्रवाह. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 यानावर म्हणूनच 6 मीटरची दांडी आहे, सेन्सर 3 आणि 6 मीटरवर. तिथे मोजायचं क्षेत्र जेमतेम काही नॅनोटेस्ला. यानाचं क्षेत्र दुप्पट अंतरावर आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणून बाहेरच्या आकड्याची आठपट घ्यायची, त्यातून आतला वजा करायचा, 7 ने भागायचं. यानाचं क्षेत्र गळून पडतं, उरतं ते नैसर्गिक.

आत उडी होती 38 ची, बाहेर 12 ची. 96 वजा 38, भागिले 7. सुमारे आठ. गणितात चूक नव्हती.

"अगं, तिसरा बघ." 30 मीटरवर खड्ड्यात पुरलेल्या सेन्सरची रेघ सपाट होती. पृथ्वीचं क्षेत्र हललं असतं तर तिथेही दिसलं असतं.

थंडीत सेन्सरचं शून्य सरकतं, म्हणून बाहेरच्या सेन्सरला हीटर लावलाय. तो चालू झाला की उडी. त्याची एक तार दांडीच्या वरून गेलेली, दुसरी खालून, मध्ये बोटभर फट, म्हणजे प्रवाहाचं वेटोळं, एक चुंबकच. दिसायला सुबक. मी टॉर्चच्या उजेडात दोन्ही तारांना पीळ घातला, सेंटीमीटरला एक, आणि हीटर पुन्हा चालू केला. 36 आणि 4.5. उरलं शून्य.

"सॉफ्टवेअरमध्ये वजा होईल की," हे आमच्या विभागात रोज ऐकतो आणि मला राग येतो. सूत्र धरून चालतं की चुंबक उपग्रहाच्या डब्यात आहे. इथे तो सेन्सरच्या नाकाशी होता, आणि सूत्राने त्याला निसर्ग ठरवलं. मुंबईत ट्राम विजेवर जाणार म्हणून कुलाब्याची पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला गेली. त्या माणसांनी वजाबाकीवर भागवलं नाही.

पोरीचा चेहरा मात्र उतरला होता. आधीच्या सहा रात्रींच्या नोंदींत अशाच उड्या आहेत, आणि हीटर कधी चालू झाला हे आम्ही तेव्हा लिहून ठेवलेलंच नाही.