खासबागेच्या पाठीला पाठ

बाहेरगावचा पाहुणा कोल्हापुरात आला की आपण त्याला काय दाखवतो, तर अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा, आणि वेळ उरलाच तर खासबागेचं कुस्तीचं मैदान. पण त्या मैदानाच्या पाठीला पाठ लावून जे थिएटर उभं आहे तिकडं पाहुण्याला कोणी नेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमचे बाबा अजून त्याला पॅलेस थिएटरच म्हणतात. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलं. इकडं लाल माती, तिकडं नाटकाची घंटा, आणि दोन्हीचा बांधणारा राजा एकच. नंतर त्याला गायक नट केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. केशवराव आपल्या कोल्हापूरचेच, लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि १९२१ मध्ये जेमतेम एकतिशीत वारले, पण जाण्याआधी त्याच वर्षी मुंबईत बालगंधर्वांसोबत संयुक्त 'मानापमान' करून टिळक स्वराज्य फंडाला पैसे उभे करून दिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे थिएटर जळालं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी त्या रात्री रस्त्यावर उभा होतो, आजूबाजूला कितीतरी माणसं नुसती रडत होती, बोलायला कुणाकडं काही नव्हतंच.

आता खाँसाहेबांबद्दल. अल्लादिया खाँ मूळचे राजस्थानातल्या उनियाराचे, पण महाराजांनी त्यांना दरबारात गवई म्हणून ठेवलं आणि त्यांच्या आयुष्यातली बरीच वर्षं इथंच गेली. घराण्याचं नाव जयपूर-अत्रौली असलं तरी माझ्या मते ती गायकी पिकली ती कोल्हापुरात, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. एकतर अनवट, म्हणजे क्वचितच कुणी गाणारे राग, वर दोन रागांची अशी सांगड घातलेली की कुठला कुठं संपला ते कळत नाही, आणि तान सरळ न जाता वळसे घेत घेत बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणार. पंचगंगेचंही तसंच आहे ना, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, प्रयाग चिखलीच्या पुढं कुठलं पाणी कुठलं ते सांगा बघू!

१९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ मात्र कोल्हापूरचेच होऊन राहिले, मल्लिकार्जुन मन्सूर आधी त्यांचे भाऊ मंजी खाँ यांच्याकडं शिकले आणि मग भुर्जी खाँकडं. धोंडूताई कुलकर्णी तर जन्मानंच कोल्हापूरच्या, त्याही भुर्जी खाँंच्याच शिष्या.

सिनेमाचं सांगायला लागलो तर दुसरी पोस्ट होईल, तरी एवढं सांगतोच की १९३२ चा पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात केला, त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि त्यात हरिश्चंद्र झाले ते पण तेच. तेव्हा प्लेबॅक, म्हणजे गाणं आधी वेगळं रेकॉर्ड करणं, नव्हतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून अभिनय करता करताच गायचं. सुधीर फडके १९१९ ला इथंच जन्मले, ते वेगळंच.

आणि केसरबाई केरकर. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या, पुढं मुंबईत अल्लादिया खाँंच्या सगळ्यात नावाजलेल्या शिष्या झाल्या, आणि १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानावर अंतराळात जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. आपल्या देशातलं तेवढं एकच गाणं आहे त्या तबकडीवर.

परवा संध्याकाळी बाबांना घेऊन घाटावर गेलो होतो. पाणी उतरलेलं, पायऱ्यांवर अजून गाळ होता, शिवाजी पुलावरून गाड्यांचा आवाज येत होता. मोबाईलवर तीच भैरवी लावली. साडेतीन मिनिटांची तर आहे. संपली तरी बाबा नदीकडंच बघत बसले होते, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "परत लाव की रे."