प्रश्न कोणी मांडायचा?

शनिवार, रात्र

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘सहायक तंत्रज्ञान’, म्हणजे दिव्यांगांच्या रोजच्या अडचणींसाठी साधने बनवणे, हा ऐच्छिक विषय शिकवला जातो, त्याचे मध्यसत्र परीक्षण आज झाले. या विषयात प्रकल्पांची यादी आम्ही शिक्षक देत नाही. सत्राच्या सुरुवातीला व्हीलचेअर वापरणारे, दृष्टिहीन, अर्धांगवायूतून सावरत असलेले, तसेच सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेल्या मुलांचे आईवडील असे पुण्यातील काही जण वर्गात येतात, आपली अडचण आपल्या शब्दांत सांगतात आणि त्यांतूनच विद्यार्थ्यांचे गट आपापला विषय ठरवतात. ही रीत आमची नाही. अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्राध्यापक सेथ टेलर यांनी २०११ साली जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात प्रत्येक गट परिसरातील एका दिव्यांग व्यक्तीबरोबर सत्रभर काम करतो. स्टॅनफर्डच्या अशाच अभ्यासक्रमातील व्याख्याने विद्यापीठाबाहेरच्या लोकांनाही खुली असतात. तरीही, समाजाचा सहभाग म्हणजे नेमके काय, हे मला अशा अभ्यासक्रमांच्या वर्णनांपेक्षा आजच्या एका ताटाने अधिक स्पष्ट सांगितले.

एका गटाबरोबर एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली आहे, म्हणून ते डाव्या हाताने जेवतात. गटाने पहिल्या भेटीपूर्वीच जाड मुठीचा, मान वळवता येणारा चमचा थ्रीडी प्रिंटरवर काढून ठेवला होता. सहायक साधनांच्या परदेशी सूचिपत्रांत असे चमचे पानोपानी असतात आणि कित्येकांना ते खरोखर उपयोगी पडतात. काकांनी तो नीट हाताळून पाहिला, मुलांचे कौतुक केले आणि म्हणाले, “आमटी खाईन मी याने. पण पोरांनो, भाकरी कशी मोडू?”

मुलांनी मग चमचा बाजूला ठेवला आणि काकांना जेवताना पाहिले. काकूंनी ज्वारीची भाकरी फडक्यात बांधून आणली होती. काका तळहाताचा खालचा भाग भाकरीवर दाबून धरतात आणि त्याच हाताच्या बोटांनी तुकडा तोडू पाहतात. पण जोर लागताच ताट पुढे सरकते, ताटाबरोबर भाकरी जाते आणि वाटीतली आमटी हिंदकळते. हात पुरेसा बळकट आहे, ताट जागेवर राहत नाही, हे गटातील एका मुलीने हेरले. आज त्यांनी आणलेल्या स्टीलच्या ताटाला खाली रबराची चकती आणि एका बाजूला दोन बोटे उंचीची कड होती. काकांनी तुकडा मोडला आणि लगेच सांगितले, “कड उजवीकडे नको, समोर पाहिजे, भाकरी माझ्यापासून लांब पळते.” काकूंनी ताट उलटेपालटे करून कड जिथे जोडली होती त्या खाचेवरून नख फिरवले. “यात पीठ अडकणार. हे घासायचं कसं?” परीक्षकांत यंत्र अभियांत्रिकीचे दोन प्राध्यापक आणि एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञ) होत्या; पण ताटाच्या त्या खाचेकडे काकूंच्या आधी कोणाचेच लक्ष गेले नाही.

दुसऱ्या एका गटाला दृष्टिहीनांसाठी अडथळा ओळखणारा बूट करायचा होता. या कल्पनेचे आकर्षण विद्यार्थ्यांना दरवर्षी असते आणि त्यामागचा कळवळाही खरा असतो. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या, बँकेत नोकरीला असलेल्या दृष्टिहीन ताईंनी मात्र शांतपणे सांगितले की जमिनीवरचे खड्डे-पायऱ्या पांढरी काठी दाखवतेच, आणि गुडघ्याच्या वर येणाऱ्या फांद्या, उघड्या खिडक्या, उभ्या ट्रकची मागची बाजू यांच्यासाठी आयआयटी दिल्लीची ध्वनिलहरींवर चालणारी ‘स्मार्टकेन’ आहे. त्यांचा प्रश्न घरातला होता: नव्या इंडक्शन शेगडीला एकही बटण नाही, सगळा सपाट काचेचा पृष्ठभाग. कशासाठी काचेवर कुठे दाबायचे हे बोटांना कळत नाही आणि चाचपडताना भलतीच जागा दाबली जाते. गट आता त्या काचेवर बसवायचा उंचवट्यांचा पातळ पापुद्रा बनवत आहे. बुटापुढे हे काम फारच साधे, अशी कुरकुर वर्गात झाली. मला ती मान्य नाही, आणि तसे मी वर्गात बोललेही.

स्मार्टकेनचा इतिहास मी यासाठीच मुलांना सांगते. तिचे मूळ आयआयटी दिल्लीतील प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे, आणि दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या ‘सक्षम’ या संस्थेच्या व फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स या उत्पादक कंपनीच्या साथीने ती २०१४ मध्ये लोकांच्या हाती आली. बसथांब्यावर आलेल्या गाडीचा क्रमांक बोलून दाखवणारे आणि आवाजाच्या अनुरोधाने दारापर्यंत नेणारे ‘ऑनबोर्ड’ हे उपकरणही तिथलेच. त्याची चाचणी मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर झाली. अशी कामे वर्षानुवर्षे चालतात, वापरणारे लोक प्रत्येक टप्प्यावर नमुने हाताळून त्यांतील उणिवा सांगतात, तेव्हा कुठे काठी नुसती काठी न राहता विश्वासाची वस्तू होते. आमचे सत्र चार-पाच महिन्यांत संपते. मुलांना गुण मिळतात, ती पुढच्या वर्षात जातात. आणि ज्या माणसाने आपले घर, आपले जेवण, आपले अवघडलेपण त्यांच्यापुढे उघडे केले, त्याच्या हातात एक अर्धवट नमुना उरतो. हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून वस्तू त्या व्यक्तीकडेच राहील, तिचे आरेखन व सुट्या भागांची माहिती सोबत दिली जाईल आणि दुरुस्तीची जबाबदारी पुढच्या तुकडीकडे जाईल, असा नियम आम्ही या वर्षापासून केला आहे.

पैशाचाही प्रश्न आहे. पाहुण्या व्याख्यात्याला मानधन देताना लेखा विभाग पदवी विचारतो. काकांकडे पदवी नाही. पण त्यांचा अर्धा दिवस आणि येण्याजाण्याचा रिक्षाखर्च आमच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर खर्च होतो, तेव्हा त्याला समाजसेवा म्हणून हात जोडणे पुरेसे नाही. वर्ग आम्ही तळमजल्यावर आणला, रॅम्प होताच. व्हीलचेअर आत वळेल असे स्वच्छतागृह मात्र अजून शेजारच्या इमारतीत आहे, आणि पावसात तिकडे जाणे किती अपमानास्पद होते हे एका पाहुण्या बाईंनी आम्हाला स्पष्ट सुनावले.

शिवाय वर्गात येऊ शकतात ते शहरातलेच. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहतात. मातीच्या वाटेवर चालणारी व्हीलचेअर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर न घसरणारी कुबडी, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या एकहाती बाईची घागर हे प्रश्न आमच्या तळमजल्यावर येऊन कोणी मांडणार नाही. पुढच्या सत्रातील विषयनिवडीचे आठवडे एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी घ्यावेत, असे मी सुचवणार आहे.

सोमवारी अभ्यास मंडळाची बैठक आहे. अंतिम परीक्षणातील १०० पैकी ३० गुण, ज्यांच्यासाठी वस्तू बनली त्यांनीच द्यावेत आणि ते शिक्षकांना बदलता येऊ नयेत, हा प्रस्ताव मी आज रात्री लिहून पूर्ण केला. वस्तू स्वच्छ कशी करायची, याचा वेगळा रकानाही त्यात घातला आहे.