बरोबर दिलेला वादग्रस्त निर्णय

बेसबॉलमधल्या पंचांच्या जुन्या भांडणांत सगळ्यात चविष्ट भांडण २३ सप्टेंबर १९०८ चं, कारण त्यात पंच बरोबर होता.

न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जायंट्स विरुद्ध शिकागो कब्स, १-१. नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगचा उत्तरार्ध, जायंट्सची फलंदाजी, दोन बाद (तिसरा बाद झाला की डाव संपतो). बॅटर होम प्लेटवरून निघून तिन्ही बेस शिवत परत तिथे पोचला की एक धाव. तिसऱ्या बेसवर मॅकॉर्मिक, पहिल्यावर एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल. ब्रिडवेलने चेंडू सेंटरफील्डला मारला, मॅकॉर्मिक होम प्लेटवर पोचला, विजयाची धाव झाली असं वाटलं आणि प्रेक्षक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच क्लबहाउसकडे वळला. तेव्हा सगळेच तसं करत.

नियम मात्र स्पष्ट होता. न झेललेल्या फटक्यावर बॅटर पहिल्या बेसकडे निघाला की तिथल्या धावपटूला पुढे जावंच लागतं. तो पोचायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडूसह दुसऱ्या बेसवर पाय टेकला की तो बाद. चेंडू अंगाला लावायचीही गरज नाही. असा तिसरा बळी गेला, तर आधी पूर्ण झालेली धावसुद्धा रद्द. कब्सचा जॉनी एव्हर्स हे जाणून होता. गर्दीतून त्याने कुठला तरी चेंडू मिळवला (तो खरा की भलताच, यावर अजून वाद आहे) आणि बेसवर उभा राहिला. बेसकडचा पंच एम्स्ली फटका चुकवताना पडला होता, त्याला काहीच दिसलं नव्हतं. प्लेटमागच्या हँक ओ'डेला दिसलं होतं. मर्कल बाद!

गंमत म्हणजे ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये याच एव्हर्सने याच ओ'डेकडे असंच अपील केलं होतं, आणि ते फेटाळलं गेलं होतं. तिथे ओ'डे एकटाच पंच होता. एकट्याने चेंडू पाहायचा, होम प्लेट पाहायची की दुसरा बेस? एकपंची जमान्यात तर पंचाची पाठ फिरली की बेरकी खेळाडू पहिल्यावरून दुसऱ्याला न शिवता मधूनच तिसरा बेस गाठत. या वेळी मात्र ओ'डे बहुधा त्याच जागेवर नजर ठेवून असावा.

खरा कच्चा दुवा पुढचा. धाव रद्द, म्हणजे १-१ वर खेळ पुढे चालायला हवा. पण मैदानभर माणसं आणि वर अंधार. ओ'डेने सामना बरोबरीत सोडवला आणि स्पर्धा चालवणाऱ्या नॅशनल लीगने तेच कायम केलं. हंगामाच्या शेवटी दोन्ही संघ तक्त्यात बरोबरीत आल्याने ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा झाला. कब्स ४-२ ने जिंकले आणि एका सामन्याच्या फरकाने लीगचे विजेते ठरले. जायंट्सचे मॅनेजर मॅग्रॉ आपल्याला लुटलं म्हणत राहिले, पण मर्कलला त्यांनी दोष दिला नाही. वर्तमानपत्रांनी मात्र त्याला 'बोनहेड', म्हणजे मठ्ठ, करून टाकलं.