पोस्टर नसलेली फोल्डरं

कपाटावर पडून असलेला जुना डेस्कटॉप टीव्हीखाली आणून बसवला की घरातले त्याला लगेच 'थिएटर' म्हणायला लागतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो : त्यात कुठलं सॉफ्टवेअर घालायचं? मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये विंडोज एक्सपीची खास मीडिया सेंटर आवृत्ती काढली होती, सिनेमे-गाणी टीव्हीवर मांडून दाखवणारी. पुढं २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि त्यातून मीडिया सेंटरच काढून टाकलं. आता हौशी माणूस फिरून फिरून येतो तो कोडी, प्लेक्स आणि जेलीफिन या तिघांपाशी.

यांचा इतिहास आपल्या भाऊबंदकीसारखाच आहे. कोडी मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिलेलं. तेव्हा त्याला एक्सबीएमसी म्हणत. २००८ मध्ये मॅकसाठी त्यातून एक फांदी फुटली, तिचं प्लेक्स झालं. जेलीफिन दुसऱ्याच घरातलं. एम्बी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१८ मध्ये आपला कोड झाकला, तेव्हा काहीजण उघडा कोड घेऊन वेगळे निघाले. एक्सबीएमसीचं कोडी झालं २०१४ मध्ये. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमच्या बेळगावचं सरकारदरबारी बेळगावी झालं. आम्ही अजून बेळगावच म्हणतो, पण तो विषय इथं नको.

मी तिन्ही घालून पाहिली. प्लेक्स देखणं आहे, पण आधी खातं उघडायला लावतं. माझ्याच डिस्कवरचा सिनेमा माझ्याच सोप्यात बघायचा तर नोंदणी कशाला, हे तात्यांना काही पटेना. (मलाही नाही.) जेलीफिन एका कोपऱ्यातल्या संगणकावर चालतं आणि फोनवर, टीव्हीवर, ब्राउझरमध्ये सिनेमा पोचवतं. पण समोरच्या यंत्राला फाइल झेपली नाही तर ती तिथल्या तिथं बदलून पाठवायचं काम त्या कोपऱ्यातल्या संगणकाच्या माथी येतं, आणि आमचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा. एचईव्हीसी या नव्या पद्धतीनं दाबून लहान केलेल्या फायली त्याला धड उलगडता येत नाहीत. नायिका वळून बघते आणि तशीच थांबते. घरात टीव्ही एकच, बघणारे समोरच बसलेले, म्हणून शेवटी कोडी ठेवलं आणि फायली एच२६४ या जुन्या पद्धतीत करून घेतल्या. टीव्हीच्याच रिमोटवर सगळं चालेल असं वाटलं होतं. रास्पबेरी पायवर ते चालतं, एचडीएमआयच्या तारेतूनच बटणांचा निरोप जातो. साध्या डेस्कटॉपला बहुधा ती सोय नसते. मग लहानसा वायरलेस कीबोर्ड आणला, आणि तो सोफ्याच्या फटीत हरवायला लागला.

गंमत आहे ती लायब्ररीत. कोडी फाइलचं नाव वाचतं, इंटरनेटवरच्या सिनेमांच्या यादीत ते शोधतं आणि पोस्टर, कथा, कलाकार आणून मांडतं. नावापुढं कंसात वर्ष लिहिलेलं असलं की नेम सहसा चुकत नाही. पण आमच्याकडच्या फायली भाच्यानं पेन ड्राइव्हवरून आणलेल्या, नावं 'मराठी मूव्ही फुल एचडी न्यू' छापाची. एका घरगुती विनोदी सिनेमाला कुठल्या तरी परदेशी भुताचं पोस्टर चिकटलं, आणि काकूनं तो सिनेमा रात्री लावायला साफ नकार दिला. त्यात सीमाभागातलं घर. दादा कोंडके आणि कन्नडचे डॉ. राजकुमार एकाच फोल्डरमध्ये. शेजारचे अण्णा खास राजकुमारांसाठी येतात. पोस्टरांच्या रांगा बघून म्हणाले, "छलो ऐत्री!" (छान आहे!) आणि कन्नड सिनेमे वेगळे काढून ठेवायला सांगितले. तात्यांचं म्हणणं, "ऱ्हाऊ दे की एकत्रच, सापडायला तरी मजा येते."

पण ज्या फायलींसाठी हा सगळा खटाटोप केला, त्या लायब्ररीत आल्याच नाहीत. थोरल्या बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, जी दुकानात देऊन डिजिटल करून घेतली. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक. खानापूरच्या मामाच्या अंगणातला पाऊस, त्यात मामाचा फक्त आवाज. कोडीनं यादी चाळली, कुठंच काही सापडलं नाही, आणि त्यांना वगळून टाकलं. 'फाइल्स'मध्ये जाऊन शोधलं तर दिसतात, पण पोस्टरांच्या भिंतीवर जागा नाही. कुठल्या कोपऱ्यातला, कुणी न पाहिलेला सिनेमा साग्रसंगीत वर्णनासह हजर, आणि बहिणीचं लग्न जणू झालंच नाही!

त्याला उपाय आहे. व्हिडिओशेजारी त्याच नावाची एनएफओ फाइल ठेवायची. साधा मजकूरच असतो, खुणांमध्ये बसवलेला : शीर्षक, वर्ष, कथा, कलाकार. जोडीला एक चित्र ठेवलं की तेच पोस्टर. इंटरनेटला काही विचारावं लागत नाही. मी लग्नापासून सुरुवात केली. पोस्टरला फोटो निवडला तो बहीण अंतरपाटावरून डोकावतेय तो. भटजींनी तिला दटावलेलं त्यात स्पष्ट दिसतं. कथेचा रकाना काकूनं सांगितला, मी टाइप केला. तिच्या मते पहिलं वाक्य जेवणाच्या पंगतीचं हवं, कारण त्या दिवशी कुंदा कमी पडला होता आणि ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

कलाकारांच्या यादीत मात्र अडलंय. तात्या म्हणतात, मुलीच्या बापाचं नाव आधी. काकूचं म्हणणं, कॅसेटमध्ये सगळ्यात जास्त वेळ ती स्वतःच दिसते. मी मोजून बघितलं, आणि तिचं खरं आहे. हे तात्यांना कुणी सांगायचं, यावर घरात अजून एकमत नाही.